घरच्या पीसीवर विंडोज अपडेट कायमचे बंद करून ठेवलेत, चालू करावेत का?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही. घरी कराडजवळ एक डेस्कटॉप आहे, आय३ चौथ्या जनरेशनचा, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी हार्डडिस्क आणि विंडोज १०. मी नोकरीला पुण्यात, घरी आई आणि धाकटी बहीण. आई गावातल्या बचत गटाची सचिव आहे, गटाचा सगळा हिशोब त्याच पीसीवर एक्सेलमध्ये, नेट बँकिंगही त्यावरूनच, बहिणीचे कॉलेजचे फॉर्म आणि प्रोजेक्ट पण तिथेच. म्हणजे पीसी जुना असला तरी घरातलं बरंच काही त्याच्यावर अवलंबून आहे.

मागे पीसी फार स्लो झाला म्हणून एका रिपेअरवाल्याकडे दिला होता. त्याने फॉरमॅट मारून विंडोज टाकून दिलं आणि सोबत अपडेट कायमचे बंद करून दिले. त्याचं म्हणणं असं की अपडेट चालू ठेवले की पीसी लोड घेतो, नेट संपतं, आणि अँटीव्हायरस आहे ना मग अपडेट लागतात कशाला. दिवाळीत घरी गेलो तेव्हा सहज बघितलं तर सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नुसती लाल खूण आणि एरर. त्यात विंडोज १० चा सपोर्टच संपला असं सगळीकडे वाचतोय, म्हणजे आता अपडेट चालू करून तरी उपयोग आहे का हेच कळेना. घरी नेट म्हणजे आईच्या मोबाईलचा हॉटस्पॉट, रोजचा दीड जीबी, आणि लाईटचा भरवसा नाही, अपडेट चालू असताना लाईट गेली तर पीसीच उडायचा ही आईला धास्ती.

नवीन पीसी लगेच घेणं शक्य नाही. अपडेट चालू करू का, करायचे तर कसे, आणि त्यापलीकडे अजून काय बघायला हवं? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

तांबडा_पांढरा

भाऊ माझं स्पष्ट मत, चालतंय ते चालू द्या. माझ्या दुकानात एक पीसी विंडोज ७ वर आजही चालू आहे, बिलं निघतात, काही झालेलं नाही. उलट अपडेटनेच वाट लागल्याची उदाहरणं ढिगाने आहेत. जुलै २०२४ मध्ये काय झालं आठवतंय का, एका अपडेटने जगभरातले पीसी निळे पडले, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले लोकांना. आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १० च्या मोठ्या अपडेटने काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाईलीच उडवल्या होत्या, मायक्रोसॉफ्टला तो अपडेट थांबवावा लागला. आईंच्या बचत गटाचे हिशोब गेले तर कोण भरून देणार? चांगला पेड अँटीव्हायरस टाका आणि निवांत राहा.

गळीत_हंगाम

मी एका साखर कारखान्यात आयटी बघतो. सीझनमध्ये वजनकाट्यावरचा पीसी थोडा वेळ जरी अडला तरी गेटबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते आणि शेतकरी थेट ऑफिसात येतात, त्यामुळे नको त्या वेळी आलेला अपडेट काय करतो हे मी जवळून बघत असतो. तरीसुद्धा आमच्या एकाही मशीनवर अपडेट बंद नाहीत, फक्त वेळ ठरवून दिलेली आहे. कृष्णाकाठचा, तुम्हीही अपडेट चालूच करा. का ते सांगतो, मग कसं ते.

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सिक्युरिटी अपडेट सोडतं, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. अपडेट आला की जगभरातले लोक तो उघडून जुनी फाईल आणि नवी फाईल शेजारी शेजारी ठेवून नेमकं काय बदललंय ते बघायला बसतात, आणि त्यात चोरही असतात. म्हणजे अपडेट येणं हीच दवंडी की अमुक घरांच्या मागच्या दाराची कडी ढिली होती. ज्यांनी कडी बदलली ते सुटले, बाकीच्यांचं घर आता सगळ्या चोरांना माहीत. म्हणून अपडेट आल्यानंतरचे आठवडे हेच खरे धोक्याचे, आणि जो वर्षभर अपडेट करत नाही त्याच्या पीसीवर अशी बारा महिन्यांची माहीत झालेली भोकं उघडी असतात.

वॉनाक्राय या फाईली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचंच घ्या. विंडोजच्या फाईल शेअरिंगमधलं ते भोक बुजवणारा अपडेट १४ मार्च २०१७ ला आला होता. हल्ला झाला १२ मे २०१७ ला. मधे जवळपास दोन महिने होते! दीडशेच्या वर देशांत दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर लॉक झाले, इंग्लंडमध्ये सरकारी हॉस्पिटलांच्या अंदाजे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्या. तेव्हा सगळे म्हणत होते की ही जुन्या विंडोज एक्सपीवाल्यांची अडचण, पण कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीच्या आकडेवारीत लागण झालेल्यांपैकी ९८ टक्के पीसी विंडोज ७ चे निघाले. विंडोज ७ ला तेव्हा सिक्युरिटी अपडेट मिळत होते, अपडेट फुकट होता, आलेला होता, लोकांनी टाकला नव्हता. आणि कुणी कसल्याही लिंकवर क्लिक करायची गरज नव्हती, एका पीसीतून दुसऱ्यात आपोआप जात होतं ते.

तांबडा_पांढरा, तुमची दोन्ही उदाहरणं खरी आहेत, पण २०२४ चा तो अपडेट मायक्रोसॉफ्टचा नव्हता, क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपन्यांसाठीच्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरचा होता, घरच्या पीसीवर ते नसतंच. २०१८ चं मात्र अगदी बरोबर, आणि त्याचा उपाय बॅकअप हा आहे. हिशोबाच्या एक्सेल फाईली पेनड्राइव्हवर आणि शिवाय दुसऱ्या कुठेतरी असल्याच पाहिजेत, अपडेट करा नाहीतर नका करू. जुनी हार्डडिस्क आहे म्हणताय, ती काही सांगून बंद पडणार नाही.

अँटीव्हायरसबद्दल: अँटीव्हायरस आत येऊ पाहणारं वाईट सॉफ्टवेअर ओळखायचा प्रयत्न करतं, ते ज्या भोकातून येतं ते भोक बुजवत नाही. विंडोजमधला डिफेंडर घरासाठी पुरेसा आहे, त्यावर पैसे घालवू नका, तेच पैसे एसएसडीला (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) ठेवा.

आता कसं करायचं. आधी विंडोज की आणि आर एकत्र दाबून विनव्हर (winver) टाइप करा, जी छोटी विंडो येते तिच्यात व्हर्जन २२एच२ (विंडोज १० चं शेवटचं व्हर्जन) आहे का ते बघा. मग स्टार्टमध्ये सर्व्हिसेस शोधा, यादीत खाली खाली जाऊन विंडोज अपडेट सापडेल, बहुतेक तिथे स्टार्टअप टाइप डिसेबल्ड करून ठेवलेला असणार, तो मॅन्युअल करा (मूळचा मॅन्युअलच असतो, ऑटोमॅटिक नाही म्हणून घाबरू नका), अप्लाय करून रीस्टार्ट. रिपेअरवाल्याने अपडेट अडवणारं एखादं छोटं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर सेटिंग पुन्हा पुन्हा मागे जाईल, मग ते आधी काढावं लागेल.

आणि हे नक्की बघा, कारण हे कुणीच बघत नाही. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, त्याच्या सेटिंगमध्ये खालच्या बाजूला एक्सक्लूजन्स म्हणून तपासणीतून वगळलेल्या गोष्टींची यादी असते. ती रिकामी हवी. क्रॅक ॲक्टिव्हेटरने (पैसे न भरता विंडोज चालवायचं चोरटं सॉफ्टवेअर) विंडोज ॲक्टिव्हेट करताना डिफेंडरने पकडू नये म्हणून बरेच जण त्या यादीत फोल्डर किंवा सरळ आख्खा सी ड्राइव्ह घालून ठेवतात, आणि नंतर काढत नाहीत. मग वरती हिरवी टिक दिसत राहते आणि खाली डिफेंडर काहीच तपासत नसतो. यादीत काही सापडलं तर विंडोज ओरिजिनल आहे का हा पण प्रश्न आलाच, तसं असेल तर माझ्या मते वरवरची दुरुस्ती करत बसू नका, बॅकअप घेऊन स्वच्छ विंडोज टाका. त्या पीसीवर गटातल्या बायकांचे पैसे हाताळले जातात, तिथे अंदाजपंचे नको.

कृष्णाकाठचा

बापरे, एवढं सविस्तर! खूप आभार. बहिणीला व्हिडिओ कॉलवर घेऊन बघायला सांगितलं. व्हर्जन २२एच२ आहे, सर्व्हिस डिसेबल्डच होती, ती मॅन्युअल केली. विंडोज ओरिजिनल आहे, पीसीसोबत आलेली की होती तीच रिपेअरवाल्याने वापरलेली दिसते. पण एक्सक्लूजन्समध्ये डाउनलोड्सचा फोल्डर होता!! तो काढायला लावला, आता फुल स्कॅन चालू आहे.

दोन शंका. एक, वर्षभराचे अपडेट राहिलेत म्हणजे वर्षभराचे एकेक करून टाकायचे का, दीड जीबीत कसं भागणार? आणि सपोर्ट संपला त्याचं काय?

गळीत_हंगाम

डाउनलोड्सच? म्हणजे जिथे सगळं बाहेरचं येऊन पडतं तेच फोल्डर तपासणीतून वगळलेलं. बरं झालं बघितलंत.

एकेक टाकायची गरज नाही. विंडोज १० चा महिन्याचा अपडेट आधीचे सगळे पोटात घेऊन येतो, म्हणजे शेवटचा टाकला की मागचे आले. तुमचं २२एच२ आहे त्यामुळे काम सोपं, फार जुनं व्हर्जन असतं तर आधी चार-पाच जीबीचा मोठा अपडेट ओढावा लागला असता. तरी हॉटस्पॉटवर करू नका, पीसीचा नुसता डबा उचलून एखाद्या नातेवाइकाकडे ब्रॉडबँड असेल तिथे नेऊन एकदाच सगळं करून घ्या, नंतर दर महिन्याचं हॉटस्पॉटवर निभावेल. हॉटस्पॉटचं कनेक्शन मीटर्ड म्हणून सेट करा, म्हणजे विंडोज स्वतःहून मोठे डाउनलोड सुरू करणार नाही, पण मग महिन्यातून एकदा आठवणीने स्वतः चेक फॉर अपडेट्स दाबावं लागेल. बहिणीला सांगून ठेवा, दुसऱ्या मंगळवारनंतर येणारा शनिवार. तीन-चार दिवस मधे गेलेले असतात, एखादा अपडेट खरंच बिघडलेला असेल तर तोवर बोंब झालेली असते.

सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची मुदतवाढ ठेवली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत फक्त सिक्युरिटी अपडेट मिळतील. २२एच२ वर शेवटपर्यंतचे अपडेट टाकले की विंडोज अपडेटच्या पानावर उजव्या बाजूला एनरोल करायची लिंक दिसायला लागते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप त्या अकाउंटला चालू केला की पैसे लागत नाहीत, नाहीतर ३० डॉलर किंवा त्यांचे हजार रिवॉर्ड पॉइंट. आईंच्या नावाने अकाउंट काढा आणि पासवर्ड घरात वहीत लिहून ठेवा.

लाईटचं म्हणाल तर अपडेट मधेच तुटला तर बहुतेक वेळा विंडोज पुढच्या वेळी सुरू होताना केलेले बदल मागे घेतं, बराच वेळ तसंच लिहिलेलं दिसतं स्क्रीनवर, तेव्हा घाबरून बटण दाबू नये. जुन्या हार्डडिस्कवर तीस टक्क्यांवर अर्धा तास अडकलेलं दिसलं तरी आत काम चालू असतं, हार्डडिस्कचा लाल दिवा लुकलुकतोय तोवर हात लावायचा नाही. छोटा यूपीएस मिळाला तर उत्तम, नाहीतर लाईट सहसा जात नाही ती वेळ बघून करा.

वैशाली_ठाणे

गळीत_हंगाम यांच्याशी पूर्ण सहमत. मी आईबाबांचा पीसी ठाण्यातून सांभाळते, ते चिपळूणला, म्हणून एक वेगळाच मुद्दा जोडते. घरच्यांना "अपडेट करत जा" एवढंच सांगून सोडू नका, खोटे अपडेट हाच आता एक मोठा धंदा झालाय. एखाद्या साईटवर पूर्ण स्क्रीनभर येतं की तुमचा क्रोम जुना झालाय, इथे दाबून अपडेट करा, आणि जे उतरतं ते मालवेअर. दुसरा प्रकार त्याहून वाईट, तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा म्हणतात आणि विंडोज की आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर असं करायला लावतात. त्या पानाने आधीच गुपचूप एक कमांड कॉपी करून ठेवलेली असते, ती तुमच्याच हाताने चालवून घेतात. तिथे अँटीव्हायरस असून नसून सारखं होऊ शकतं कारण परवानगी तुम्हीच दिलेली असते.

मी आईला नियम घालून दिलाय तो असा की ब्राउझरच्या पानात आलेला कुठलाही अपडेट खोटा समजायचा. खरा विंडोज अपडेट फक्त सेटिंग्जमध्ये, खरा क्रोमचा अपडेट फक्त उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत, हेल्प, अबाउट गुगल क्रोम. आणि स्क्रीनवर फोन नंबर दिसला म्हणजे शंभर टक्के फसवणूक, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर कधीच नसतो. आईने हे एका कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलंय, तिच्या अक्षरात, "पानात आलेला अपडेट = बंद कर, वैशूला फोन". तुमच्या आईंनाही असं काहीतरी लिहून द्या, त्या बँकेचं करतात म्हणजे जास्तच जरूर आहे. आणि देव न करो पण पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० ला, लगेच, तुम्ही पुण्याहून येईपर्यंत वाट बघत बसायचं नाही. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त.

अजून एक, क्रोमचा अपडेट उतरतो आपोआप पण लागू होतो क्रोम बंद करून उघडल्यावर. माझे बाबा चाळीस टॅब उघडे ठेवून पीसी स्लीपला टाकायचे, अपडेट येऊन नुसता बसलेला. दिवसाकाठी एकदा ब्राउझर पूर्ण बंद करायची सवय लावा.

गळीत_हंगाम

वैशालीताई, तुमचा क्रोमचा मुद्दा विंडोजलाही लागू आहे. रोज रात्री शटडाउन करतो म्हणजे अपडेट लागले असं लोक धरून चालतात, पण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आतली स्थिती साठवून ठेवून सकाळी तिथून उठतं, त्यामुळे काही अपडेट तसेच लटकून राहतात. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट हे बटण दाबायचं, शटडाउन नव्हे.

तांबडा_पांढरा

एक्सक्लूजन्सचं वाचून मी पण माझ्या घरच्या लॅपटॉपवर बघितलं, रिकामी होती, बरं वाटलं. पण माझा मूळ मुद्दा अजून आहे. नॉटपेट्या आठवतोय? जून २०१७, आपल्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं होतं त्यात. तो व्हायरस तर युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरला. म्हणजे ज्यांनी इमानदारीत अपडेट केलं तेच मेले. मग कंपनीवर डोळे झाकून विश्वास कसा ठेवायचा?

गळीत_हंगाम

प्रश्न रास्त आहे आणि तो प्रकार तसाच घडला होता. २७ जून २०१७, एम.ई.डॉक नावाचं ते टॅक्सचं सॉफ्टवेअर, त्याच्या अपडेट सर्व्हरमध्ये घुसून चोरांनी आपला माल घातला. पण तो पीसीत शिरल्यावर पुढच्या पीसीत कसा गेला ते बघा. एक रस्ता तोच वॉनाक्रायवाला, म्हणजे मार्चमध्ये बुजवलेलं भोक, जूनमध्येही अनेकांनी उघडंच ठेवलेलं. दुसरा रस्ता म्हणजे मेमरीतून ॲडमिनचे पासवर्ड उचलायचे आणि ते वापरून शेजारच्या मशीनवर लॉगिन करायचं, त्यात अपडेट केलेले पीसीही सापडले. मर्स्कसारख्या जहाज कंपनीचं जगभरचं काम थांबलं आणि तिच्याच समूहाचं जेएनपीटीतलं टर्मिनल त्यात अडकलं, बाहेर कंटेनरचे ट्रक खोळंबून राहिले.

यातून घरच्या पीसीसाठी मी घेतो ते असं की अपडेट देणारं प्रत्येक सॉफ्टवेअर म्हणजे घराची एकेक किल्ली दुसऱ्याच्या हातात. म्हणून सॉफ्टवेअर कमी ठेवा. रिपेअरवाले फॉरमॅट मारल्यावर सोबत पंधरा-वीस सॉफ्टवेअर टाकून देतात, दोन व्हिडिओ प्लेअर, ड्रायव्हर अपडेट करणारं, पीसी फास्ट करणारं, पीडीएफचं कसलंतरी. सगळं काढा. आईंना एक्सेल, ब्राउझर आणि प्रिंटर लागतो. आणि रोज वापरायचं अकाउंट ॲडमिन नको, साधं स्टँडर्ड अकाउंट करून द्या, ॲडमिनचा पासवर्ड बहिणीकडे. यामुळे अशा प्रकारात नुकसान बरंच आटोक्यात राहतं.

आणि विंडोजवर सगळा जोर देताना एक गोष्ट राहून जाते, विनरार, झिपसारख्या फाईली उघडायचं सॉफ्टवेअर. आपल्याकडे दर दुसऱ्या पीसीवर आहे आणि तो स्वतःहून कधी अपडेट होत नाही. २०२३ मध्ये त्यात असं भोक निघालं की झिपमधला साधा फोटो वाटणारा आयटम डबल क्लिक केला की मागे दुसरंच काहीतरी चालू व्हायचं, ऑगस्ट २०२३ च्या ६.२३ मध्ये ते बुजवलं. २०२५ मध्ये पुन्हा एक निघालं, फाईल एक्स्ट्रॅक्ट करताना चोराची फाईल गुपचूप स्टार्टअपच्या फोल्डरमध्ये जाऊन बसायची, म्हणजे पुढच्या लॉगिनला आपोआप चालू, ते ७.१३ मध्ये बुजवलं. दोन्हींचा वापर लोकांना लुटायला आणि हेरगिरीला प्रत्यक्षात झालेला आहे. हेल्पमध्ये अबाउट उघडून व्हर्जन बघा, ७.१३ च्या खालचा असेल तर आजच नवीन टाका, किंवा लागत नसेल तर काढूनच टाका, झिप विंडोज स्वतःच उघडतं.

घरचा राउटर बाहेरून थेट येणारे वॉनाक्रायसारखे हल्ले बरेचसे अडवतो, त्यामुळे घरच्या पीसीत शिरायचा खरा रस्ता हल्ली ब्राउझर आणि बाहेरून आलेल्या फाईली हाच. तुमच्या दुकानातल्या विंडोज ७ चं सांगायचं तर त्यावर क्रोम १०९ च्या पुढे येतच नाही, तो जानेवारी २०२३ चा. त्यानंतर क्रोममध्ये जे जे भोक निघालं ते सगळं त्या पीसीवर उघडं आहे. बिलं काढा त्याच्यावर, पण नेटची वायर काढून ठेवा अशी कळकळीची विनंती.

खिळे_जुळारी

हेच लिहायला आलो होतो. आमचं डीटीपीचं काम, लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक. जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगलवर (पीसीला लावायची लायसन्सची किल्ली) चालतं आणि ते नवीन विंडोजवर उठतच नाही, पंचवीस वर्षांचा मजकूर त्या फॉन्टमध्ये आहे, तो टाकून देता येत नाही. लोक म्हणतात अपडेट करा, आम्ही कसं करणार? त्यावर आम्ही काढलेला मार्ग असा की तो पीसी नेटपासून पूर्ण तोडलाय, वायफायचं कार्डच काढून टाकलं. नेटचा पीसी वेगळा, त्यावर सगळे अपडेट चालू, गिऱ्हाईकाचा मेल, व्हॉट्सॲपवरचा मजकूर तिथे येतो, तिथे पेनड्राइव्ह आधी स्कॅन होतो आणि मगच आत. वेळ जातो थोडा, पण गिऱ्हाईकांच्या पेनड्राइव्हवरून काय काय येतं ते बघितलंत तर पटेल. शॉर्टकटचा व्हायरस तर आठवड्याला एकतरी सापडतो. जुनं सॉफ्टवेअर सोडता येत नाही अशी अडचण अनेकांची खरीच असते, त्यांना नावं ठेवू नयेत, पण त्याच पीसीवरून बँक उघडायची नाही एवढं पाळता येतं.

सह्याद्रीचा_पेंग्विन

कुणीच बोललं नाही म्हणून बोलतो, लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची फुकट सिस्टीम. आय३ चौथी जनरेशन, ४ जीबी, यावर एक्सएफसीईवालं (हलक्या डेस्कटॉपचं) मिंट चांगलं चालतं, एसएसडी टाकली तर फारच छान. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मला सगळ्यात आवडतं ते असं की एकाच अपडेट मॅनेजरमध्ये सिस्टीम, ब्राउझर, ऑफिस सगळ्याचे अपडेट येतात, विनरारसारखं एखादं मागे राहत नाही, आणि अपडेटच्या आधी टाइमशिफ्टने सिस्टीमचा स्नॅपशॉट (तेव्हाच्या स्थितीची प्रत) घेतला की बिघडलं तर मागे जाता येतं. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही आहे. आईंचं काम साधं एक्सेल असेल तर लिब्रेऑफिसमध्ये होईल, मॅक्रो (एक्सेलमध्ये बसवलेले छोटे प्रोग्राम) असतील तर आधी तपासून घ्या. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करताच चालवून बघता येतं.

विंडोज ११ त्या मशीनवर अधिकृतपणे येणार नाही, आठव्या जनरेशनपासून पुढचा इंटेल लागतो आणि टीपीएम २.० ही सिक्युरिटी चिप लागते. यूट्यूबवर बायपासचे व्हिडिओ भरपूर आहेत पण मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलंय की अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची खात्री नाही. अपडेट मिळावेत म्हणून तर हा सगळा खटाटोप, मग त्याचीच खात्री नसलेल्या वाटेने कशाला जायचं.

कृष्णाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. पीसी कराडला मामाकडे नेला, त्यांच्याकडे फायबर आहे. बहिणीने सगळं केलं, अपडेट लागले, मुदतवाढीची लिंक पण दिसली आणि आईच्या अकाउंटने ती नोंदणी झाली. विनरार ५.६ होता (!!) तो काढून टाकला, पीसी फास्ट करणारी दोन सॉफ्टवेअर काढली, फुल स्कॅनमध्ये डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये जुन्या एका सेटअपमध्ये ट्रोजन (साध्या सॉफ्टवेअरच्या वेषातलं मालवेअर) सापडला, डिफेंडरने क्वारंटाइन केला, म्हणजे वेगळा कोंडून ठेवला. वैशालीताई, तुमचा कागद आईला फार आवडला, तिने तसाच करून घेतलाय. मिंटचं मी पुण्यात माझ्या जुन्या लॅपटॉपवर करून बघतो, जमलं तर २०२६ च्या ऑक्टोबरआधी घरी टाकतो.

फक्त एक अपडेट काही केल्या लागत नाहीये, ०x८००७०६४३ असा एरर येतो, रीट्राय केला की पुन्हा तोच. बाकी सगळे झाले. काही काळजीचं आहे का? आणि ट्रोजन सापडला त्याचं अजून काय करू?

गळीत_हंगाम

तो एरर जानेवारी २०२४ पासून हजारो घरच्या पीसींवर येतोय. विंडोज १० च्या डिस्कवर एक छोटं रिकव्हरी पार्टिशन असतं, त्यातल्या दुरुस्तीच्या साधनांसाठीचा तो अपडेट, आणि त्याला तिथे साधारण २५० एमबी मोकळी जागा लागते. जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पीसीवर ते पार्टिशनच एवढंसं असतं की जागा मिळत नाही. तो अपडेट जे भोक बुजवतो ते बिटलॉकरने (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करायचं साधन) एन्क्रिप्ट केलेली डिस्क कुणी समोर बसून उघडू नये यासंबंधीचं आहे. तुमच्या डेस्कटॉपवर बिटलॉकर चालू नसणार, तसं असेल तर सोडून द्या, त्यासाठी पार्टिशन कमीजास्त करायच्या भानगडीत पडू नका, नवखा हात असेल तर तिथे डेटा जायची भीती जास्त. एसएसडी टाकाल तेव्हा नव्याने विंडोज टाकताना आपोआप नीट होईल.

ट्रोजनचं मात्र मनावर घ्या. तो सेटअप कधी चालवला होता का हे कळायला मार्ग नाही, त्यामुळे आईंच्या नेट बँकिंगचा आणि मेलचा पासवर्ड आजच बदला, पण त्या पीसीवरून नको, फोनवरून. मेलला टू स्टेप (पासवर्डनंतर फोनवरून दुसरी खात्री) लावा. क्रोममध्ये पासवर्ड सेव्ह केलेले असतील तर तेही बदलायच्या यादीत घ्या. मग विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समध्ये डिफेंडर ऑफलाइन स्कॅन आहे तो चालवा, पीसी रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधी स्कॅन करतो, पंधरा-वीस मिनिटं लागतात, जुन्या डिस्कवर जास्तही लागतील. त्यात काही सापडलं तर इथे नाव टाका, नुसतं ट्रोजन नको, डिफेंडर पूर्ण नाव दाखवतो ते, त्यावरून पुढचं सांगता येईल.